काकांचं ‘बघू’

ठरलेला बेत कोणी मोडला, की इंग्रजी वर्तमानपत्रं ‘टॉर्पेडो केला’ असं लिहितात आणि आपण ‘सुरुंग लावला’ म्हणतो. दोन्ही मुळात एकच. पाण्याखालून स्वतःच्या बळावर धावणारा टॉर्पेडो रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ साली बनवला. त्याआधी रॉबर्ट फुल्टनसारखे अमेरिकन संशोधक ज्याला टॉर्पेडो म्हणत, तो पाण्यातला सुरुंगच होता. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात, मोबाईल बे नावाच्या उपसागरातल्या लढाईत ‘टेकमसेह’ नावाची चिलखती युद्धनौका बुडाली, तीही पाण्यात गुपचूप पडून राहिलेल्या अशाच एका टॉर्पेडोमुळे.

आमच्या घरात दोन्ही जाती नांदतात.

दिवेआगरला जायचं ठरलं, तेव्हा पहिला हल्ला आत्याने केला. आत्या व्हाइटहेड जातीची. तो टॉर्पेडो दाबलेल्या हवेवर चालायचा, त्यामुळे पाण्यावर बुडबुड्यांची रेघ उमटायची आणि सावध कप्तान जहाज वळवू शकायचा. आत्याने कालनिर्णयकडे नजर टाकली तेव्हाच आम्ही सावध झालो.

“शनिवारी संकष्टी आहे. मासे कसे खाणार?”

“शनिवारी सुवर्णगणेशाचं दर्शन, मासे रविवारी!” जहाज वळलं. आत्या बॅग भरायला गेली.

मग कोणीतरी काकांना विचारलं, “काका, येताय ना?” गाडी काकांची.

“बघू.”

टॉर्पेडो हे नाव मुळात एका माशाचं. विजेचा झटका देणारा हा चपटा मासा वाळूत पडून असतो. लॅटिनमध्ये ‘टॉर्पेरे’ म्हणजे बधिर होणं. स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर हा जिवंत मासा कपाळाला लावायला सांगायचा. रोमनांचा उपाय तो आमचा आजार.

कारण ‘बघू’ला उत्तर नसतं. नकार असता तर भांडता आलं असतं, दुसरी गाडी करता आली असती. ॲडव्हान्स पाठवायला दादाने फोन हातात घेतला होता, तो खाली ठेवला. “काकांचं कळू दे.” वहिनीने सुट्टीचा अर्ज लांबवला. होमस्टेवाल्याचे दोन फोन आले, त्यालाही आम्ही ‘कळवतो’ म्हणालो. गुरुवारी त्याने खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या.

शनिवारी पहाटे काका टोपी घालून, टाकी फुल्ल करून दारात हजर.

“अजून आंघोळी नाहीत? तुम्हा पोरांना एक बेत धड तडीस नेता येत नाही!”