मांजरवाले दाजी आणि मावशीची वही

वॉशिंग्टनला आमच्याकडे कुणी आलं की मी त्यांना स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये एका चित्रापुढे नेऊन उभं करते. खुर्चीत बसलेला पांढऱ्या सुटातला गृहस्थ, मांडीवर नारिंगी मांजर. १८९८ सालचं हे चित्र फिलाडेल्फियाच्या सेसिलिया बो या बाईंचं, आणि गृहस्थ म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आपल्या भाषेत दाजी. पाहुणे मांजराचं कौतुक करतात आणि पुढे सरकतात.

मी मात्र घरी येऊन बाईंचे कागद वाचत बसते. आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट या संस्थेने त्यांची पत्रं, रोजनिशा, भाषणांचे खर्डे आणि फोटो जपलेत, स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केलेत. १८८८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या पॅरिसला शिकायला गेल्या. ज्युलियन अकादमीत बायकांना प्रवेश होता, पण फी पुरुषांच्या जवळपास दुप्पट. पुढे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टांच्या पत्नीपासून फ्रान्सच्या क्लेमेन्सो या पुढाऱ्यापर्यंत मोठमोठी माणसं चित्रासाठी त्यांच्यासमोर बसली. १८९५ पासून त्या पेनसिल्वेनिया अकादमी या कलाशाळेत शिकवू लागल्या. तिथे नियमित शिकवणारी ती पहिली बाई. हे सगळं कुठल्याही चरित्रकोशात मिळेल. पण कुणाशी कसं बोलायच्या, एखादं वाक्य तीनदा का खोडायच्या, हे फक्त कागदांत सापडतं.

व्यक्तिचित्र काढणाऱ्याच्या बाबतीत तर कागद फारच महत्त्वाचे. निसर्गचित्र पाहून चित्रकाराचा काही अंदाज बांधता येतो. व्यक्तिचित्रात लोक समोरच्या माणसाला पाहतात. किती बैठका झाल्या, पैसे कुणी दिले आणि किती उशिरा, 'नाक जरा सरळ करा' असं कोण म्हणालं, यातलं कॅनव्हासवर काही उरत नाही.

आता आपल्याकडचा वाद. २०२३ च्या सप्टेंबरात चित्रकार अमृता शेरगिलचं 'द स्टोरी टेलर' हे चित्र लिलावात ६१.८ कोटींना गेलं, तेव्हा आमच्या कौटुंबिक ग्रुपवर आठवडाभर धुमश्चक्री चालली. एक काका म्हणे, अशी चित्रं सरकारने घ्यायला हवीत. पुण्याचा भाचा म्हणे, देशाबाहेर जाऊ देऊ नका. खरं तर ती भीतीच नव्हती. १९७२ च्या कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांत शेरगिल आहे (नवांत बाई ती एकटीच). मी विचारलं, आणि तिची पत्रं? त्यावर अंगठ्याचं चित्र आलं आणि विषय संपला.

तिची बरीच पत्रं गेली ती आगीत, आणि तीही स्वतःच्याच घरी. १९३८ मध्ये ती हंगेरीत असताना इकडे शिमल्याला आईवडिलांनी तिला आलेली पत्रं वाचून काढली आणि जाळली. निर्यातीचा कुठला कायदा तिथे कामाला आला असता?

अमेरिकेसारखे आपल्याकडेही कागद जपा म्हटलं की येणारं 'तुमच्याकडे पैसा आहे,' हे उत्तर मला पाठ झालंय. पैसा आहेच, नाकारत नाही. इथेही ज्यांच्या घरी माळा होता आणि पुतणे-भाचे शिकलेले होते, त्यांचेच कागद आधी टिकले, हेही खरं. पण ही आर्काइव्ह्ज संस्था १९५४ मध्ये डेट्रॉइटला सुरू झाली तेव्हा तिची एक मुख्य युक्ती अगदी साधी होती. घरोघरचे कागद उसने आणायचे, त्यांची मायक्रोफिल्म (बारीक फोटोंची रीळ) करायची आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यायचे. त्या काळी त्यालाही खर्च होता. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

तेव्हा अडतं ते पैशाशी नाही, असं माझं मत झालंय. घरातली गोष्ट घरात राहावी, हे एक. आणि बाईच्या कागदांत असून असून काय असणार, हे दुसरं. प्रसिद्ध चित्रकार रावबहादूर धुरंधरांच्या कन्या अंबिकाताई स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार. त्यांनी आपल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या नसत्या तर 'धुरंधरांची मुलगी' यापलीकडे आपल्यापैकी कितीजणांना त्या माहीत असत्या?

माझी एक मावशी व्यक्तिचित्रं काढायची. तिचं नाव कुठेही छापून आलेलं नाही. शाळांचे संस्थापक, पतपेढ्यांचे अध्यक्ष, बहुतेक सगळे गेलेले, फोटोवरून. हार घातलेली ती तैलचित्रं अजून कुठल्या कुठल्या कार्यालयांत टांगलेली असतील. मावशी गेल्यावर तिची पत्रं आणि कच्ची रेखाटनं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. दोष कुणाला देऊ? फोनवर 'काढून टाका, जागा अडलीय' म्हणणाऱ्यांत मीही होते, तेव्हा नुकतीच इथे आले होते.

एक वही राहिली, मावसबहिणीकडे, वाणसामानाच्या याद्यांच्या गठ्ठ्यात. गेल्या महिन्यात तिला म्हटलं, पानापानाचे फोटो काढून पाठव. ती म्हणाली, "अगं, त्यात काही नाही. कुणी किती दिले आणि कुणाचे राहिले, एवढंच आहे."

म्हटलं, तेच पाठव. राहिलेल्यांची नावं नीट वाचता येतील असं बघ.