तिकीट रेझ झालंय म्हणे

आज ११ तारीख, जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि सकाळपासून दुकानातलं हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडंना. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक मॅडम म्हणाल्या, सर तुमचं तिकीट रेझ झालंय, म्हणजे तक्रार नोंदवून घेतली, ४८ तासांत कॉल येईल. अहो ४८ तासांत काय करू, आज भरलं नाही तर माझी बिलं या महिन्यात गिऱ्हाइकांच्या २बीत, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या जीएसटी उताऱ्यात, दिसणार नाहीत, त्यांचं टॅक्सचं क्रेडिट अडकणार आणि शिव्या मी खाणार!

याच्या आधीचं सॉफ्टवेअर आण्णांनी २०११ ला घेतलेलं, डब्यात सीडी, मराठी पुस्तिका आणि डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची लायसनची किल्ली. ते बसवणारं पोरगं मिरजेचं. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत पाणी शिरलं तेव्हा आण्णांनी वर काय नेलं, तर खतावणी, गणपतीचा फोटो आणि ते डोंगल. कॉम्प्युटर गेला पाण्यात. पाणी उतरल्यावर चिखल तुडवत तेच पोरगं आलं, स्वतःच्या लॅपटॉपवर बॅकअप चढवला, सगळी उधारी जशीच्या तशी! पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

पण विंडोज १० चा सपोर्ट संपला, नवीन मशीन घेतली, त्याच्यावर जुनं चालंना, म्हणून हे घेतलं. डेमोला काय भारी ओ, रंगीत ग्राफ, मोबाइल ॲप. डेमोत त्यांचाच डाटा, पन्नास बिलं. आमची चौदा वर्षांची खाती टाकल्यावर गोगलगाय झाली. गिऱ्हाइकांची मराठी नावं प्रिंटला चौकोन-चौकोन. आणि दरवर्षी रिन्युअल, नाही भरलं तर आपलीच उधारी आपल्याला दिसणार नाही, ही कुठली रीत राव? एक्सेलमध्ये डाटा मागितला तर पीडीएफ देतात.

बरं, चोरीची कॉपी टाकून घेणारे आपल्याच पेठेत कमी नाहीत, कंपनीनं तरी किती दिवस फुकट सर्व्हिस द्यायची, मान्य. पण मी तर रोख मोजलेत, १८ टक्के जीएसटीसकट!

घेताना मी किंमत बघितली, फीचर बघितले, रविवारी अडलं तर फोन कोण उचलणार ते विचारलंच नाही. आण्णांनी तेवढंच विचारलं असतं.

मघाशी न राहवून त्या पोराला फोन लावला. पुण्याला असतो आता, ही लाइन सोडली त्यानं. तरी अर्धा तास स्क्रीन बघून लायसनची कुठलीशी फाइल बदलायला लावली आणि उघडलं की ओ! रिटर्न रात्री ९ वाजून २० मिनिटांनी गेलं. ठेवताना विचारतोय, दादा, आण्णांचं डोंगल आहे का अजून?

देवघरात आहे म्हटलं.