हेल्पडेस्कचा फोन मी उचललाय : एका प्रतिक्रियेला उत्तर

'सिसॲडमिन' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांना नमस्कार. मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्याला कामाच्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम निवडू द्यावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोपेचं खोबरं झालं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं की मी दिलेले आयबीएमचे आकडे मॅक मॅनेज करायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या कॉन्फरन्समध्ये सांगितले गेले, आयबीएम आणि ॲपलची आधीपासून भागीदारी होती, आपल्याकडे टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचे डोंगल (यूएसबीला लावायची छोटी किल्ली) विंडोजशिवाय धड चालत नाहीत, मॅक महाग पडतो, आणि शेवटी हे वाक्य : "ज्यांनी आयुष्यात हेल्पडेस्कचा फोन उचलला नाही त्यांनी असले चोचले सुचवू नयेत, आधी दहा हजार मशीन सांभाळून दाखवा."

भागीदारीचं मान्य. 2014 मध्ये दोघांनी कंपन्यांसाठीच्या मोबाईल ॲप्ससाठी हातमिळवणी केली होती, वाचकांना ते माहीत असलेलं बरंच.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्याबद्दल काही विचारलं नाहीत, आणि सरळ ठरवून टाकलंत की हा एसीत बसून लिहिणारा कोणीतरी असणार. अहो, माझी पहिली नोकरीच पुण्यात डेस्कटॉप सपोर्टची होती, विंडोज एक्सपीच्या काळात, रात्रपाळीला. एका मशीनची घोस्ट इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल काढायची, सीड्यांचा गठ्ठा घेऊन मजल्यामजल्यावर फिरायचं, प्रत्येक मशीन डोमेनला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या लॉगिनला जोडायचं, प्रिंटर जोडायचा, आणि सोमवारी सकाळी पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घ्यायचे. त्या फोनवर लोक काय काय बोलतात ते मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. सगळी मशीन एकसारखी असली की सपोर्ट सोपा, हे तेव्हा मीही मानायचो, कारण तेव्हा प्रत्येक मशीनला हात लावल्याशिवाय कामच होत नव्हतं.

पुढे डेव्हलपमेंटला गेलो तेव्हा दुसरी बाजू दिसली. सर्व्हर सगळे लिनक्सचे आणि हातात विंडोजचा लॅपटॉप, पॉलिसी म्हणून. तेव्हा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वगैरे नव्हतं, ते 2016 मध्ये आलं. मग सिग्विन (लिनक्ससारख्या कमांड विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, नाहीतर चार जीबी रॅममध्ये व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर) चालवा आणि लॅपटॉप गुरगुरत बसला की चहाला जा. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकली की ओळीच्या शेवटच्या त्या न दिसणाऱ्या कॅरेक्टरमुळे पडायची, नवीन आलेल्या पोरांचा अख्खा दिवस त्यात जायचा. शेवटी टीममधल्या निम्म्या लोकांनी गुपचूप ड्युअल बूट केलं, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात, पार्टिशनवर, विंडोजशेजारी लिनक्स टाकलं. त्या पार्टिशनला ना एन्क्रिप्शन, ना कंपनीचे पॅच, आणि आयटीला पत्ताच नाही. कंपनीचं नाव घेत नाही, पण सांगायचा मुद्दा हाच की तुम्ही निवड नाकारलीत म्हणून लोक निवडायचं थांबत नाहीत, ते तुमच्या नजरेआड निवडतात. सपोर्टच्या माणसाला याची धास्ती वाटायला हवी. तुमच्या इतक्या लांब प्रतिक्रियेत यावर एक अक्षर नाही.

आणि "निवड" म्हणजे कोणीही काहीही आणावं असं मी कुठे लिहिलंय? कंपनीने दोन-तीन पर्याय नीट बांधून द्यायचे आणि त्यातला एक घ्यायचा. आयबीएमने 2015 मध्ये हेच केलं. मॅक सीलबंद खोक्यातून थेट कर्मचाऱ्याच्या हातात, त्याने तो नेटला जोडला की मशीन स्वतःच कंपनीच्या एमडीएममध्ये (मशीन दुरून सांभाळायच्या सिस्टीममध्ये) नोंदवलं जातं, सेटिंग, एन्क्रिप्शन, लागणारं सॉफ्टवेअर सगळं वरून येतं. आयटीच्या माणसाने मशीनला हात लावायचाच नाही. त्या वर्षी त्यांनी सांगितलं की मॅकवाल्यांपैकी 5 टक्के लोक हेल्पडेस्कला फोन करतात आणि पीसीवाल्यांपैकी 40 टक्के. 2019 मध्ये सांगितलं की दोन लाख मॅकना सात इंजिनिअर पुरतात आणि तेवढ्याच विंडोज मशीनना वीस लागतात. हे बोलणारा माणूस आयबीएमच्या स्वतःच्या आयटीचा होता, स्टेज कुणाचं का असेना. फोन कोणाला येतात ते त्यालाच माहीत असणार ना? तुमच्या दहा हजारांच्या वीसपट मशीन आहेत ही. आता सांगा, मोठा पसारा सांभाळणाऱ्याने बोलावं हा तुमचाच नियम लावायचा तर कोणाचं ऐकायचं?

गूगलचं उदाहरण तर तुम्ही वाचलंच नाहीत असं दिसतं. 2010 च्या सुरुवातीला त्यांच्यावर झालेला सायबर हल्ला जाहीर झाला आणि त्यानंतर काही महिन्यांत बातम्या आल्या की नव्या कर्मचाऱ्याला मॅक किंवा लिनक्स यातलं निवडायला सांगतात आणि विंडोज हवं असेल तर वरून परवानगी लागते. लिनक्सही त्यांनी स्वतः बांधलं, आधी उबुंटूवरचं गूबुंटू, मग डेबियनवरचं जीलिनक्स. याला चोचले म्हणायचं?

एकसारखेपणाचं एवढं कौतुक आहे तर 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक बिघडलेलं अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने 85 लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवत पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. मॅक आणि लिनक्सला त्या अपडेटने काही झालं नाही. दुरुस्ती काय होती ते तुम्हाला माहीतच असेल, सेफ मोडमध्ये जा, फाईल उडवा, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) की शोधा, एकेका मशीनपाशी जाऊन. ज्या ऑफिसात तिन्ही प्रकारची मशीन होती तिथे निदान काही लोक कामाला बसू शकले. पुढच्या वेळी मॅकची पाळी असेल, असू दे, तेव्हा विंडोजवाले चालू राहतील. मी एका कंपनीची तळी उचलत नाहीये, तुम्हाला तसं वाटलं कारण तुम्ही लेखाचा अर्धाच भाग वाचला.

टॅली आणि डोंगल : अकाउंट्सवाल्यांनी विंडोज घ्यावं, कोण नको म्हणतंय, तीही निवडच आहे. मॅक महाग : आहे, पण आहे त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकायला नवीन मशीन लागत नाही, आणि लेखात लिनक्सवर चांगला मोठा भाग आहे. बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावं असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे खरंच दहा हजार मशीन असतील तर तिकिटांचे आकडे टाका, कुठल्या सिस्टीमवर किती येतात ते, कंपनीचं नाव नको. मी ते लेखाच्या खाली जसेच्या तसे जोडीन, माझ्या विरुद्ध गेले तरी. पण कोणी कधी फोन उचललाय की नाही यावर पुन्हा लिहिलंत तर ती प्रतिक्रिया मी मंजूर करणार नाही.