‘पूर्ण परिक्रमा’वाल्यांचा सत्कार

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. शाल अजून पिशवीतच आहे, नारळ ओट्यावर ठेवलाय. झोप येत नाही म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, पण वाचा.

संध्याकाळी आमच्या भागात यंदा कैलास-मानसरोवरला निघालेल्या मंडळींचा निरोप समारंभ होता. यात्रा २०२० पासून पाच वर्षं बंद होती, गेल्या वर्षी २०२५ ला परत सुरू झाली, त्यामुळे लोकांना कोण उत्साह. हॉल भरलेला. आधी जाऊन आलेल्यांचा सत्कार करायचा म्हणून मलाही बोलावणं होतं. अक्का दोन दिवसांसाठी वाईहून आलीये, तिला म्हटलं, चल. ती तिसऱ्या रांगेत बसली. सूत्रसंचालकांनी माइकवरून जाहीर केलं, “बावन्न किलोमीटरची परिक्रमा ज्यांनी पूर्ण केली आहे, अशाच यात्रेकरूंनी मंचावर यावं.”

अशाच.

मी उठलो, वर गेलो. खांद्यावर शाल घेतली, वाकून नारळ घेतला, फोटोसाठी हसलो. खाली अक्का टाळ्या वाजवत होती.

अक्का माझ्याच गटात होती. २०१८ चा जून. ती दिरापुकहून, म्हणजे परिक्रमेतल्या पहिल्याच मुक्कामावरून, मागे फिरली. आणि हे सांगायला आज दोन मिनिटं माइक माझ्या हातात होता. मी काय बोललो, तर डोल्मा ला ही परिक्रमेतली सगळ्यात उंच खिंड किती अवघड आहे ते.

कैलासाला जायचं तिला होतं. मला नव्हतं. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई, निवृत्तीच्या पैशातून तिनं दोघांचे पैसे भरले, माझेसुद्धा. घरच्यांनी अट घातली होती की एकटीनं जायचं नाही, म्हणून मी सोबत गेलो. सोबत या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळत होता असं आज म्हणवत नाही.

आता आमचा कार्यक्रम कसा आखला होता ते ऐका. काठमांडूहून रसुवागढीची सीमा ओलांडून तिबेटमधलं केरुंग, तिथे एक रात्र. दुसऱ्या दिवशी थेट सागा. केरुंग साधारण २,८०० मीटरवर आहे, सागा साडेचार हजारांवर. म्हणजे एका दिवसात बसमध्ये बसल्या बसल्या सतराशे मीटर वर. डोंगरात फिरणारं कुठलंही पोर तुम्हाला सांगेल की तीन हजार मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीपेक्षा पाचेकशे मीटरहून जास्त उंचावर झोपू नये, रक्ताला आणि फुप्फुसांना विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. दिवस. गोळी घेतली म्हणजे झालं असं नसतं. डायमॉक्स, ती उंचीच्या त्रासावरची गोळी, आम्ही सगळेच घेत होतो. सागाला बसमधून उतरलो तेव्हा अर्ध्या लोकांचं डोकं दुखत होतं आणि जेवण तसंच उरलं. आमच्या यात्रा कंपनीचा माणूस म्हणाला, “होतं असं, भोलेबाबाचं नाव घ्या.” नाव घेतलं. एक रात्र जास्त थांबायला काय हरकत होती? एक रात्र म्हणजे हॉटेलचं एक भाडं, बाकी काही नाही!

बरं, या खासगी यात्रा कंपन्यांमुळेच आमच्यासारख्यांना जाता आलं हे खरं आहे. सरकारी यात्रेत सोडत निघते, गेल्या वर्षी लिपुलेख आणि नाथू ला या दोन्ही वाटा मिळून फक्त ७५० जण निवडले गेले, सत्तरीच्या वरच्यांना तर परवानगीच नाही. मान्य. पण त्याच सरकारी यात्रेत दिल्लीला तपासण्या होतात, लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला पुन्हा तपासतात आणि तिथून माणसं परत पाठवतात. रडत परततात लोक. पण परततात.

मानसरोवराच्या काठावर अक्का बरी होती. बरी म्हणजे दोन घास खाल्ले. आम्हाला पाण्यात उतरू दिलं नाही, बादलीनं पाणी काढून काठापासून लांब अंगावर घ्यायला सांगितलं. जून महिना, वारा असा की ओला पंचा हातात कडक होत होता. तिनं तीन तांबे घेतले आणि चौथा सरोवराकडे तोंड करून सोडला. तेव्हा कुणी म्हणालं का, की बुडी मारली नाही म्हणजे स्नान अर्धवट झालं? कुणी नाही. परत आल्यावर सगळ्यांनी ऐटीत सांगितलं, मानसरोवरात स्नान केलं. मग परिक्रमेलाच ही मोजपट्टी का?

दिरापुकची रात्र सांगतो. आठ वर्षांत नीट कुणाला सांगितलेली नाही.

परिक्रमेची चाल जिथून सुरू होते त्या यमद्वारापासून साधारण बारा किलोमीटर चालून आपण दिरापुकला पोहोचतो, उंची जवळजवळ पाच हजार. समोर कैलासाचं उत्तरमुख. त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही, मला जमणार नाही. अक्का खोलीच्या दाराशी बसून तेच पाहत होती. अंधार पडल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या. आमच्या गटात एक डॉक्टर यात्रेकरू होते, त्यांनी बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा ६१, म्हणजे फारच कमी. तिला सरळ रेषेत चालायला सांगितलं तर ती चौथ्या पावलाला भिंतीला धरायला गेली. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, “मेंदूला सूज येत असावी. औषध एकच, खाली नेणं.” रात्रभर ऑक्सिजन लावला. पहाट होताच घोडा ठरला, यमद्वारापर्यंत घोडा आणि पुढे पायथ्याच्या दारचेन गावाला गाडी. सोबत एक नेपाळी मदतनीस पोरगा जाणार होता.

मी तिला विचारलं, “तू जाशील ना नीट?”

हा प्रश्न नव्हता. काय उत्तर हवंय ते त्यातच सांगून टाकलेलं होतं. तिला धड बोलताही येत नव्हतं. ती म्हणाली, “जा तू.” मी तिची पिशवी त्या पोराच्या हातात दिली, काठी उचलली आणि डोल्मा लाच्या दिशेनं निघालो. घोडा वळताना पाहायलाही थांबलो नाही, कारण गट पुढे गेला होता.

ही झाली माझी पूर्ण परिक्रमा. याच्यासाठी आज शाल.

५,६३० मीटर. समुद्रकाठच्या निम्मी हवा. दहा पावलं चालायचं, थांबायचं. वर पताकांचा ढीग, पलीकडे खाली गौरीकुंड, मग गुडघे मोडणारा उतार. दिरापुक सोडलं की ते उत्तरमुख पाठीमागे जातं, पुढचे दोन दिवस मी बहुतेक वेळ बुटाखालचे दगड पाहिले. कैलास अक्कानं माझ्यापेक्षा जास्त वेळ पाहिलाय, हे मी शपथेवर सांगेन.

आपल्याकडे कार्तिकीला, आषाढीला लाखो माणसं पंढरपूरला पोहोचतात आणि कळसाला हात जोडून परत फिरतात. पंधरा-वीस दिवस चालून. गाभाऱ्यापर्यंत पोहोचणं शक्य नसतं, रांग दिवस दिवस चालते. त्यांना गावात कुणी म्हणतं का, तुझी वारी झाली नाही म्हणून? कळस दिसला, पोहोचली माउली. हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. आणि हिमालयात गेलो की आपण किलोमीटर मोजतो, उंची मोजतो, प्रमाणपत्र मागतो. चिडचिड होते नुसती.

ज्या पर्वताभोवती फिरतोय त्याच्या माथ्यावर तरी कोण गेलंय? ६,६३८ मीटर, एव्हरेस्टपेक्षा दोन हजारांहून जास्त बुटका. राइनहोल्ड मेस्नरसारख्या नामांकित गिर्यारोहकाला १९८० च्या दशकात चीननं चढाईची परवानगी देऊ केली होती, त्यानं नाही म्हटलं. हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटचा जुना बोन, चार धर्मांची माणसं पायथ्याशी थांबतात, वर जात नाहीत. आपण कुठे थांबायचं हे ठरलेलं असणं हीच तिथली भक्ती आहे. आणि आम्ही थांबलेल्या बाईला तिसऱ्या रांगेत बसवतो.

कुणी म्हणेल, अरे समारंभाच्या आयोजकांच्या मनात तसं काही नव्हतं, कुणाकुणाला बोलवायचं याला काहीतरी मर्यादा लागते. असेल. नव्हतंच त्यांच्या मनात. भली माणसं आहेत, खिचडी आणि मसालेदूध स्वतः वाढत होती. पण त्या हॉलमध्ये यंदा निघालेली वीस-पंचवीस माणसं बसली होती, निम्मी साठीच्या पुढची. ती काय शिकून घरी गेली? की दिरापुकला डोकं फुटायला आलं तरी बोलायचं नाही, कारण परत आल्यावर मंचावर बोलावणार नाहीत. अशीच माणसं त्रास दडपून नेतात. डोकेदुखी लपवतात, उलटी झाली तर आम्लपित्त म्हणतात, ऑक्सिमीटर लावू देत नाहीत. मी पाहिलेत.

तिसऱ्या दिवशी मी दारचेनला पोहोचलो तेव्हा अक्का गेस्टहाउसच्या पायरीवर उन्हात बसली होती. चेहऱ्यावर सूज होती पण शुद्धीत, चहा पीत होती. खाली उतरल्यावर काही तासांतच तिची नजर स्थिर झाली, असं तो पोरगा म्हणाला. मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, “अक्का, तुझी राहिली गं.”

ती म्हणाली, “महादेवाला कधी पूर्ण घालतात का रे? सोमसूत्रापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं.”

मी तेव्हा हसलो. मला वाटलं, स्वतःची समजूत घालतेय. वाईला गणपती घाटावर काशी विश्वेश्वराला ती दर सोमवारी जाते, लहानपणी मलाही बोट धरून न्यायची. मी पळत पूर्ण गोल मारायला निघालो की मागून सदरा ओढायची. तीर्थाची पन्हळ, तेच सोमसूत्र, ओलांडायची नाही, इथून वळ. आम्ही दोघं तिथे शेकडो वेळा अर्ध्यातून वळलोय. कुणी शास्त्री सांगतील की स्वयंभू स्थानाला हा नियम नाही, कैलासाला सगळे पूर्णच फेरी घालतात. सांगू देत. मला शास्त्र नकोय, मला ती पायरीवर बसलेली बाई दिसतेय.

यंदा निघालेल्यांपैकी निम्मे इथे माझ्या मित्रयादीत आहात, म्हणून स्पष्ट लिहितो. केरुंगला दोन रात्री मागा, भांडून मागा. सागालासुद्धा. डोकेदुखी सांगा. आणि तुमच्याबरोबर आलेलं माणूस खाली उतरत असेल तर तुम्हीही उतरा. मदतनीस पोरगा चांगला असतो, पण तो तुमचा भाऊ नसतो. अक्काच्या बाबतीत काही वाईट घडलं नाही याचं श्रेय त्या डॉक्टरांचं आणि त्या पोराचं. माझं काहीही नाही.

मगाशी घरी आल्यावर शाल तिच्या अंगावर घालायला गेलो. तिनं हात धरला. म्हणाली, “ठेव, थंडीत वापर.” राग नाही, लागेल असं काही नाही. मग आठ वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, उतरताना काय झालं होतं? वाट कशी होती?

म्हणाली, घोड्यावर डोळे उघडत नव्हते. मध्ये एका जागी तो पोरगा घोड्याला पाणी पाजायला थांबला. आपले आणि बौद्ध लोक सगळे समोरून येत होते, ही एकटीच उलटी निघालेली. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली, हिच्याच दिशेनं चालत. बोन धर्माची माणसं कैलासाला उलटी फेरी घालतात ना, तशी. तिला वाटलं असणार, ही पण आपल्यातलीच. तिनं अक्काच्या हातात वाळलेल्या चीजचा एक दगडासारखा तुकडा ठेवला आणि घोड्याच्या बरोबरीनं चालू लागली. भाषा येत नव्हती. बराच वेळ नुसती चालली, माळ ओढत.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, तिच्याबरोबर मीपण फेरीत होते,” अक्का म्हणाली, आणि दिवा घालवायला सांगितला.

सकाळी सातच्या एसटीनं ती वाईला जाणार आहे. उद्या सोमवार आहे. मी पण जातोय.