बाहेर न पडता येणारं स्टेशन

जपानमधल्या योकोहामाचं उमि-शिबाउरा स्टेशन पुन्हा रील्समध्ये फिरतंय. ‘जगातलं सर्वात एकाकी स्टेशन’, मागे रडका पियानो. तू तिकडेच असतोस ना, म्हणत तिघांनी मलाही पाठवलं.

एकाकी वगैरे काही नाही हो!

त्सुरुमीहून लोकल पकडली की दहा-बारा मिनिटांत गाडी संपते. फलाटाच्या एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला कठडा आणि त्याखाली थेट पाणी. ‘उमि’ म्हणजे समुद्र, नाव अगदी सार्थ. बाहेर पडायची वाट एकच, आणि ती तोशिबाच्या कारखान्यात जाते. ओळखपत्र नसेल तर आलात तसे परत फिरा. 1940 साली स्टेशन उघडलं तेच या कारखान्यासाठी.

हा सगळा किनारा समुद्रात भराव घालून केलेला, कारखानदारांचा. म्हणून स्टेशनांना नावंही शेठजींची. भराव घालणारे असानो सोइचिरो, त्यांचं ‘असानो’. बँकवाले यासुदा झेन्जिरो, त्यांच्या नाव-आडनावातलं एकेक अक्षर उचलून ‘आन्झेन’ (जपानी लिपीत ‘यासु’चं अक्षर ‘आन’ असंही वाचतात). (आपल्याकडे ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोडवर गव्हर्नर बसले, इथे भांडवलदार. असो.)

रील काढणारे रविवारी दुपारी जातात. तेव्हा गाड्याही मोजक्या आणि माणसंही. मग रिकामा फलाट दाखवून उसासे टाकायचे. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवर उभे राहिलात तर तिथेही असंच वाटेल. मी एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी गेलो होतो. शिफ्ट सुटली आणि पाच मिनिटांत फलाट भरला. समुद्राकडे एकानेही मान वळवली नाही. रोजचाच तो.

मला कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. लोक नुसतं पाणी बघायला येतात आणि फलाटावर अडकतात, हे पाहून तोशिबाने 1995 साली आपल्याच जागेत, फलाटाला लागून, एक चिंचोळी बाग करून दिली. चार बाकं, थोडी झाडं, समोर त्सुरुमी त्सुबासा पूल. ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी लावून मोकळं होता आलं असतं की! रेल्वे मात्र हिशेबाला पक्की: बागेत जाताना रेल्वेचं कार्ड टेकवा, परतताना पुन्हा टेकवा, दोन्ही वेळचं भाडं द्या.

जाणार असाल तर वेळापत्रक बघून जा, गाडी चुकली तर पुढची लवकर नसते. कारखान्याच्या गेटकडे कॅमेरा रोखू नका. आणि संध्याकाळच्या गाडीत सीट मिळाली तर उठून द्या, ती माणसं दिवसभर उभी असतात.