वेगाचा आकडा नंतर बघा: पॉल स्कीन्सच्या निमित्ताने

11 मे 2024 ला पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सला ट्रिपल-एमधून, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमधून, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये बोलावून घेतलं. शिकागो कब्जविरुद्धच्या त्या पहिल्या सामन्यात त्याने 100 मैल किंवा त्याहून जास्त वेगाचे 17 चेंडू टाकले आणि चर्चा त्याच आकड्यावर अडकली. 100 मैल म्हणजे ताशी 161 किलोमीटर. शोएब अख्तरने 2003 च्या विश्वचषकात गाठलेला तो वेग. इथे मात्र रनअप नाही आणि चेंडूला टप्पाही नाही. तरीही माझं ठाम मत आहे की नवा पिचर जोखताना वेग सगळ्यात शेवटी बघावा. मेजर लीगचे बॅटर वेगाला लवकर सरावतात. फास्टबॉल जाणार कुठे हे कळलं की 100 मैलांचा चेंडूही ते मारतात.

कॉलेजात एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) खेळताना स्कीन्सकडे मुख्यतः फास्टबॉल आणि स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) होते. त्याच्या जोरावर 2023 च्या मोसमात त्याने 209 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद केलेले बॅटर) घेतले आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पण त्याच्या फास्टबॉलबद्दल जाणकारांची एक शंका होती आणि ती रास्त होती. हात काहीसा बाजूने येत असल्याने चेंडू उजव्या बॅटरच्या दिशेने सरकतो. बॅटच्या वरून निसटून जावा इतका तो 'तरंगत' नाही. अशा चेंडूवर बॅट लागते. म्हणून खरी बातमी होती ती त्याच्या नव्या चेंडूची, स्प्लिंकरची. स्प्लिटर आणि सिंकर या खाली जाणाऱ्या दोन चेंडूंच्या मधला हा प्रकार. वेग साधारण 94 मैल, फिरकी कमी, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात तो खाली बुडतो आणि हाताच्या बाजूला सरकतो. इतर पिचरांचा स्प्लिटर बहुधा 85 ते 88 च्या आसपास असतो. फास्टबॉलपेक्षा फक्त पाचेक मैल हळू आणि हाताची हालचाल तीच, त्यामुळे बॅटरला फरक कळेपर्यंत बॅट निघालेली असते. डावखुऱ्या बॅटरपासून तो दूर जातो, आणि उजव्या हाताच्या पिचरला डावखुऱ्यांसाठी नेमकं हेच हत्यार लागतं. याचा धोका एकच: वर राहिला तर तो साधा 94 मैलांचा फास्टबॉल होतो, तोही स्ट्राइक झोनच्या, म्हणजे चेंडू स्ट्राइक ठरतो त्या चौकटीच्या, मधोमध.

आता ट्रिपल-एचे आकडे. 7 सामने, 27.1 इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन बाद, .1 म्हणजे त्यातला एक), 45 स्ट्राइकआउट, इआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) 0.99. यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा 27.1 हाच. सामन्यामागे चार इनिंगही भरत नाहीत. हाताची काळजी म्हणून चेंडू मोजून दिले होते, आणि ते बरोबरच होतं. पण त्यामुळे एकाच बॅटरशी तिसऱ्यांदा गाठ पडल्यावर तो काय करतो, हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. पिचरची खरी परीक्षा तिथेच असते, कारण तोवर बॅटरने त्याचे सगळे चेंडू पाहिलेले असतात. शिवाय त्या काळात ट्रिपल-एच्या काही सामन्यांत स्ट्राइक झोन यंत्र ठरवत होतं. तिथल्या वॉकच्या (चार चेंडू झोनबाहेर गेले की बॅटरला मिळणारा पहिला बेस) आकड्यावरून वरच्या लीगमधली अचूकता ठरवू नये.

मग बघायचं काय? पहिल्या आणि पाचव्या इनिंगमधला वेग शेजारी शेजारी लिहून ठेवा. एक-दीड मैलाची घट चालते. तीन मैल घटले तर प्रश्न दमाचा आहे. चेंडू चुकतोय कुठे, तेही बघा. उजव्या हाताचा पिचर सारखा वर आणि स्वतःच्या हाताच्या बाजूला चुकत असेल तर पुढचा खांदा लवकर उघडतोय आणि हात मागे राहतोय. थकवा असा सर्वांत आधी दिसतो. बेसवर रनर आला की स्टॉपवॉच लावा. पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत 1.3 सेकंद ठीक, 1.5 म्हणजे बेस चोरायचं, म्हणजे चेंडू टाकला जात असताना पुढच्या बेसकडे पळायचं, आमंत्रण. 2023 पासून बेस मोठे झालेत आणि रनरला रोखण्यासाठी पिचरला रबरवरून (त्याच्या पायाखालची पट्टी) दोनदाच मोकळेपणी उतरता येतं, म्हणून ही बाब आता जास्त महागात पडते. आणि 2-0 च्या काउंटवर, म्हणजे दोन चेंडू झोनबाहेर गेलेत आणि स्ट्राइक एकही नाही तेव्हा, तो काय टाकतो? तिथे फास्टबॉलशिवाय दुसरं काही स्ट्राइक टाकता येत नसेल, तर महिनाभरात सगळ्या लीगला ते कळतं.

नुसता वेगवान हात पुरत नाही, याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. याच पायरेट्सनी 2008 मध्ये भालाफेकीतून आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना करारबद्ध केलं होतं. जिद्द अफाट होती, पण मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. हे सगळं कसब लहानपणापासून हजारो बॅटरांसमोर घडतं, ते विशीत उभं करणं फार अवघड.

स्कीन्सच्या पहिल्या सामन्याचा निकालही फसवा होता. पाचव्या इनिंगमध्ये 84 चेंडूंनंतर तो दोन रनर ठेवून बाहेर गेला, आणि त्याच्या नावावर लागलेल्या तीन धावांपैकी दोन त्यानंतर, त्याने मागे ठेवलेल्या त्या रनरनी काढल्या. 17 मे ला त्याच कब्जविरुद्ध, यावेळी त्यांच्या रिग्ली फील्डवर, सहा इनिंग, एकही हिट नाही, 11 स्ट्राइकआउट. पण वॉक एकच, म्हणजे 18 बाद धरून 19 बॅटर; नऊ बॅटरांची तिसरी फेरी तिथेही जेमतेम सुरू झाली होती. चेंडू 100 झाल्यावर त्याला काढलं. लोक चिडले, मला मात्र निर्णय पटला. कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली की परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्या मोसमात तो 133 इनिंग टाकून 1.96 इआरएवर थांबला आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवोदित, झाला. त्या मोसमाच्या चित्रफिती बघणार असाल तर शंभर मैलांचे तुकडे सोडा आणि सहावी-सातवी इनिंग लावा. तिसऱ्या फेरीत तो पहिल्या चेंडूलाच काय टाकतो, त्यावर नजर ठेवा.