लॅपटॉप उठेना, खापर फुटेना

माझा लिनक्सवाला लॅपटॉप रविवारी सकाळी मी उठतो तसा उठायचा. बटण दाबलं की २ मिनिटं नुसता आळोखेपिळोखे. आणि "लिनक्स टाक लिनक्स, पळतं बघ" असं अख्ख्या ऑफिसला मीच सांगत फिरलेलो, त्यामुळे तक्रार करायची पण सोय नाही.

मग कळलं की टर्मिनलवर 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' लिहिलं की सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला त्याची यादी येते, सगळ्यात हावरट सगळ्यात वर. कमांडचं नावच ब्लेम! म्हणजे खापर फोडायची अधिकृत सोय, आमच्या घरी हे काम तोंडीच चालतं. पहिला नंबर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन, ९ सेकंद, काम काय तर नेट येईपर्यंत दारात उभं राहायचं. उडवलं. मोडेममॅनेजर, डोंगल वापरून जमाना झाला, उडवलं. ब्लूटूथ उडवलं. 'कप्स' दिसलं, म्हटलं कप स्वयंपाकघरात बरे, तेही उडवलं, आणि नुसतं डिसेबल नाही तर मास्क, म्हणजे कोणी हाक मारली तरी उठायचं नाही.

रीस्टार्ट. फायदा १० सेकंद.

वैतागून लोगो फिरत असताना एस्केप दाबलं तर मागे लाल चांदण्या डावीउजवीकडे फिरतायत आणि कुठल्याशा डिस्कची वाट बघणं चाललंय, मुदत १ मिनिट ३० सेकंद. कुठली डिस्क? अरे हो, दिवाळीत एसएसडी टाकताना जुनी हार्ड डिस्क मीच काढली, तिच्यावरचं स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) तिच्याबरोबर गेलं, पण एफएसटॅब फाइलमधली, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्का जोडायच्या त्या यादीतली, त्याची ओळ तशीच राहिली. बिचारा रोज दीड मिनिट भंगारात गेलेल्या डिस्कची वाट बघत बसायचा! ब्लेमच्या यादीत ती नव्हतीच, जी आलीच नाही तिचा वेळ मोजणार कसा. मीही नव्हतो यादीत, ते वेगळं.

त्या ओळीआधी एक हॅश (#) टाकला, म्हणजे ही ओळ वाचूच नको. २२ सेकंदांत डेस्कटॉप.

त्याच रात्री १० वाजता बाबा आले, "अरे, हा सातबारा प्रिंट करून दे, सकाळी ६ ची एसटी आहे." प्रिंटर मुका. केबल काढली, घातली, कार्ट्रिज हलवलं, प्रिंटरला दोन चापट्या पण मारून झाल्या, आणि ११ च्या सुमाराला डोक्यात उजेड पडला, कप्स! लिनक्समध्ये प्रिंटिंग सांभाळतो तोच तो. गुपचूप अनमास्क केलं, सुरू केलं, कागद सुरसुरत बाहेर.

"काय झालं होतं रे?" बाबांनी विचारलं.

"प्रिंटर जुना झालाय बाबा."